वाळूत न रुतणारं चाक

होबी 16 ही जगभरच्या किनाऱ्यांवर दिसणारी शिडाची होडी. दोन अरुंद हल (तरंगणारी अंगं), त्यांना जोडणारे आडवे दांडे, मधे ताणून बांधलेलं जाळीचं कापड आणि वर उंच डोलकाठी, एवढाच तिचा संसार. पाण्यात दोन माणसं तिला लीलया चालवतात. तीच होडी किनाऱ्यावर सुक्या वाळूत उभी असली की त्याच दोघांना ती तसूभरही हलत नाही. वजन सुमारे 145 किलो, लांबी पाच मीटर, रुंदी जवळजवळ अडीच मीटर. वाळूवरून ओढावी तर हलचा तळ झिजतो. जुन्या होड्यांचे तळ फायबरग्लासचे नवे थर देऊन पुन्हा उभारावे लागतात, ते बहुतेक याच घासटण्यामुळे.

ही अडचण होडीच्या जन्मापासूनच तिच्यासोबत आहे. होबी ऑल्टर हा दक्षिण कॅलिफोर्नियातला सर्फबोर्ड बनवणारा कारागीर. 1954 मध्ये त्याने डेना पॉइंटला दुकान थाटलं आणि पुढे लाकडाऐवजी फोमचे हलके सर्फबोर्ड रूढ करण्यात मोठा वाटा उचलला. लाटा, वाळू आणि वजन यांची त्याला हाडीमांसी खिळलेली जाण होती. 1960 च्या दशकाच्या अखेरीस त्याने आधी एकट्याने चालवायची होबी 14 आणि मग तिची थोरली बहीण होबी 16 आणली. या होड्यांच्या तळाला खाली उतरणारी फळी नाही. तिचं काम हलचा एका बाजूने सपाट, दुसरीकडून फुगीर आकारच करतो. सुकाणू आपटलं की वर उचललं जातं. त्यामुळे ही होडी लाटेबरोबर थेट वाळूवर येऊ शकते. तिला धक्का लागत नाही, बंदर लागत नाही. आजवर एक लाखाहून अधिक होबी 16 तयार झाल्या, त्यामागे हेच स्वातंत्र्य आहे. पण बंदर सुटलं तशी वाळू गळ्यात पडली.

हा पेच जुनाच. तमिळ किनाऱ्यावरच्या कोळ्यांनी त्यावर नामी तोड काढली होती. त्यांचं कट्टुमरम म्हणजे दोरांनी बांधलेले ओंडके. मासेमारी आटोपली की दोर सोडायचे आणि ओंडके सुटे करून वर वाळत घालायचे. आपल्या कोकणातली उलांडी लावलेली होडी अशी सुटी करता येत नाही. ती वर घ्यायची तर खाली ओंडके सरकवायचे आणि माणसं हाकारायची. गाव हाकेला धावून येतं तिथे हे जमतं. सकाळी फक्त दोघंच किनाऱ्यावर असतील तर?

तिथे कामाला येतं ते एक साधं साधन: ॲल्युमिनियमचा आस, त्यावर हल बसतील अशा दोन खोबणी आणि दोन्ही टोकांना फुग्यासारखी मऊ, रुंद चाकं. सगळी करामत त्या चाकांतल्या हवेची आहे. मोटारीच्या टायरमध्ये तीसेक पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाब असतो. या चाकांत दोन ते चार. मऊ टायर जमिनीवर साधारण आतल्या हवेइतकाच दाब देतो. शिडासामानासकट होडी 180 किलोंची धरली आणि हवा तीन पीएसआय ठेवली, तर प्रत्येक चाक 21 सेंटिमीटर बाजूच्या चौकोनाएवढं पसरून वाळूवर टेकतं. तीस पीएसआयवर तोच चौकोन जेमतेम साडेसहा सेंटिमीटरचा होतो आणि चाक सरळ रुततं. सत्तर किलोंचा माणूस एका पायावर उभा राहिला तर त्याचा तळवा वाळूवर या चाकाच्या जवळपास दुप्पट दाब देतो. म्हणजे ओढणाऱ्याचा पाय रुततो त्या वाळूवरून चाक अलगद निघून जातं.

चाकं चांगली असली तरी ती बसवायची रीत चुकली तर दमछाक ठरलेली. आधी होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, वाऱ्याकडे करायची आणि शिडाचा दोर सैल सोडायचा, नाहीतर शीड भरून होडी चाकांसकट पळेल. सुकाणू वर करून बांधायची, जाळीवरचं सामान उतरवायचं. मग एकाने नाळ उचलायची. हल तळाशी वाकदार असल्याने होडी मागच्या भागावर टेकून वर येते, पूर्ण वजन हातावर येत नाही. दुसऱ्याने तेवढ्यात आस खाली सारायचा आणि तोल साधेपर्यंत मागे न्यायचा. आस थोडा मागे असावा, म्हणजे नाळ किंचित जड राहते आणि हातात दोन-चार किलोच येतात. ही जागा एकदा सापडली की हलवर रंगीत पट्टी चिकटवून ठेवावी. शेवटी दोर टाकून आस हलला बांधायचा.

वाटही निवडावी लागते. ओली, घट्ट वाळू सुक्या भुसभुशीत वाळूपेक्षा कितीतरी बरी. चढ दहा मीटरला एक मीटर असेल तर त्या चढापायीच 18 किलोंची ओढ लागते, म्हणून भरतीच्या वेळी उतरणं आणि परतणं शहाणपणाचं. ओढायचं अंतर तेवढंच कमी. परतताना चाकं पाण्यात नेऊन दाबून हलखाली धरायची, कारण हवेमुळे ती उसळी मारून वर येतात. होडी त्यांच्यावर तरंगत आली की उचलायचं काम पाणीच करतं.

एक धोका मात्र कधीच नजरेआड होऊ नये. डोलकाठी आठ मीटर उंच आणि ॲल्युमिनियमची. ती उभी ठेवून विजेच्या तारांखालून होडी नेताना माणसं दगावली आहेत. म्हणूनच 1980 च्या दशकात होबीने काठीचा वरचा भाग वीज न वाहणाऱ्या मिश्र पदार्थाचा केला. तरीही तारांखालची वाट टाळणं हाच खरा बचाव.

पॉलिइथिलीनच्या होड्या घासटण्याला जास्त दाद देत नाहीत, पण वजनाला भारी असतात. होबी गेटअवे सुमारे 177 किलोंची. तिला तर चाकांवाचून गत्यंतरच नाही. म्हणून होडी घेणाऱ्याने चाकांचा खर्च ‘नंतर बघू’ म्हणत मागे ठेवू नये. सहा माणसं जमली तरच निघणारी होडी बहुतेक दिवस किनाऱ्यावरच पडून राहते. दोघांना पेलणारी होडी रोज पाण्यात जाते आणि ताकदवान नसलेल्यांनाही समुद्राचा हक्क मिळवून देते.