दोन निवडुंग, कुळं वेगळी
आमच्या शेताच्या कुंपणाला दोन निवडुंग आहेत. एक चपटा फड्या, दुसरा त्रिधारी. दोघांना काटे, दोघांचे खोड हिरवे व जाड. पण ते एका कुळातले नाहीत. फड्या मूळचा अमेरिकेतला. त्रिधारी आपल्या देशातला, एरंडाच्या कुळातला.

मग ते सारखे का दिसतात? दोन्हीकडे पाणी कमी. मोठ्या पानांतून पाणी उडून जाते. ज्यांची पाने लहान नि खोडात पाणी जास्त, ती झाडे तगली. त्यांचीच रोपे वाढली. असे लाखो वर्षे चालले.

आजोबा कुंपण छाटतात तेव्हा त्रिधारीतून पांढरा चीक गळतो, फड्यातून नाही. हा चीक डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. म्हणून निवडुंग मोडून बघू नका बरं का!