चेंडू घेऊन पळायची मुभा

एप्रिल 1991मध्ये वेल्समध्ये महिला रग्बीचा पहिला विश्वचषक झाला. आंतरराष्ट्रीय रग्बी मंडळाची त्याला मान्यता नव्हती. लंडनच्या रिचमंड क्लबमधल्या चौघीजणींनी तो स्वतःच्या हिमतीवर भरवला. सोव्हिएत संघाकडे खर्चाला परकीय चलन नव्हतं, म्हणून खेळाडू सामानात व्होडका आणि कॅव्हियार घेऊन आल्या आणि ते विकून दिवस काढू लागल्या.

त्याच वर्षीच्या जुलैत न्यूझीलंडच्या उत्तर भागात, कावाकावा गावी, पोर्शिया वुडमनचा जन्म झाला. वडील कावेना आणि काका फ्रेड, दोघेही ऑल ब्लॅक्स या न्यूझीलंडच्या पुरुष रग्बी संघाकडून खेळलेले. रग्बी घरातच होती, तरी पोर्शिया नाव काढू लागली ती नेटबॉलमध्ये. तिथल्या मुलींचा हमखास खेळ तोच. ऑकलंडच्या नॉर्दर्न मिस्टिक्स संघात तिने जागाही मिळवली. पण नेटबॉलमध्ये चेंडू हातात आला की पळता येत नाही; पाय रोखायचा आणि तीन सेकंदांत पास द्यायचा. जिचं मोठं भांडवल पायांत, तिला चेंडू मिळताच थांबावं लागत होतं!

दार उघडलं ते ऑलिंपिकमुळे. 2009च्या ऑक्टोबरमध्ये कोपनहेगनच्या बैठकीत ‘सेव्हन्स’ रग्बीला 2016च्या रिओ ऑलिंपिकमध्ये प्रवेश मिळाला. पदक दिसताच न्यूझीलंडने 2012मध्ये देशभर चाचण्या घेऊन इतर खेळांतल्या मुलींनाही बोलावलं. पोर्शिया तिथेच सापडली. सेव्हन्समध्ये मैदान नेहमीएवढंच, पण खेळाडू पंधराऐवजी सात आणि सात-सात मिनिटांचे दोन डाव. मोकळी जागा भरपूर. 2013मध्ये तिच्या संघाने मॉस्कोत सेव्हन्सचा विश्वचषक जिंकला आणि 2015मध्ये ती या प्रकारातली जगातली सर्वोत्तम खेळाडू ठरली.

रिओच्या अंतिम सामन्यात मात्र ऑस्ट्रेलियाचा पास मुद्दाम हाताने अडवल्याबद्दल तिला पिवळं कार्ड मिळालं. सेव्हन्समध्ये ही शिक्षा दोनच मिनिटांची, पण चौदा मिनिटांच्या खेळात ती फार जड जाते. न्यूझीलंड 17-24 असं हरलं.

पुढच्याच वर्षी पंधरा जणींच्या विश्वचषकात तिने 13 ट्राय केले. प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवला की एक ट्राय, पाच गुण. हाँगकाँगविरुद्ध तर एकटीने आठ. न्यूझीलंडने बेल्फास्टमध्ये इंग्लंडला 41-32 हरवून चषक जिंकला, पण तोवर त्यांच्या पंधरा जणींच्या संघातल्या खेळाडूंना नियमित मानधन नव्हतं. जगज्जेत्या असूनही! करार आले ते 2018मध्ये. या दिरंगाईचं समर्थन होऊ शकत नाही.

मग दुखापती आल्या. टाचेमागचा अकिलिस स्नायुबंध तुटला, पाठोपाठ मांडीमागचा स्नायू दुखावला. वेगावर जगणाऱ्या खेळाडूसाठी याहून वाईट काय असेल? टोकियोत 2021मध्ये तिने सुवर्णपदक गळ्यात घातलं, ते या सगळ्यातून उठून.

त्याच वर्षाअखेरीस इंग्लंड आणि फ्रान्सने न्यूझीलंडच्या पंधरा जणींच्या संघाला दोन-दोनदा लोळवलं. वर्षभरात प्रशिक्षक वेन स्मिथ यांनी संघ नव्याने बांधला. 12 नोव्हेंबर 2022ला ऑकलंडच्या ईडन पार्कवर विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात सलग 30 सामने जिंकलेलं इंग्लंड समोर होतं आणि प्रेक्षक होते 42,579. अठराव्या मिनिटाला लिडिया थॉम्पसनच्या टॅकलमध्ये डोक्यावर डोकं आदळलं. थॉम्पसनला लाल कार्ड, पोर्शिया मैदानाबाहेर. न्यूझीलंडने 34-31 असा तो सामना जिंकला, तो शेवटच्या क्षणी इंग्लंडचा लाइनआउट, म्हणजे बाजूच्या रेषेवरून आत फेकलेला चेंडू, हिसकावून. पोर्शियाच्या खात्यावर तोवर विश्वचषकातले 20 ट्राय जमा झाले होते. पुरुषांच्या विश्वचषकात जोना लोमू आणि ब्रायन हबाना यांचे प्रत्येकी 15 आहेत.

डिसेंबरमध्ये तिने संघातली सहकारी रेनी विक्लिफ हिच्याशी लग्न केलं आणि वुडमन-विक्लिफ हे नाव लावलं. 2024मध्ये पॅरिसला कॅनडावर 19-12 अशी मात करून दुसरं ऑलिंपिक सुवर्ण मिळवल्यावर तिने आंतरराष्ट्रीय रग्बीचा निरोप घेतला, पण वर्षभरातच, वयाच्या 34व्या वर्षी, ती इंग्लंडमधल्या विश्वचषकासाठी संघात परतली. न्यूझीलंडला तिसऱ्या क्रमांकावर समाधान मानावं लागलं. ट्विकनहॅमवरचा इंग्लंड-कॅनडा अंतिम सामना पाहायला 81,885 लोक आले होते.