शिदोरी आणि सीमारेषा : बाल्कन प्रदेशातील प्रवास, परदेशवास व खाद्यपरंपरा

प्रस्तावना

एखाद्या प्रदेशाचे अन्न तेथील माती, पाणी व हवामान यांतून घडते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. बाल्कन द्वीपकल्पाच्या बाबतीत हे विधान अपुरे पडते. या प्रदेशातील अन्न जितके मातीतून घडले आहे तितकेच, किंबहुना त्याहून अधिक, माणसांच्या ये-जा करण्यातून घडले आहे. व्यापारी, सैनिक, हंगामी कारागीर, निर्वासित, परदेशी गेलेले कामगार आणि अलीकडच्या काळात बाहेरून तेथे येऊ लागलेले मजूर या सर्वांनी तेथील ताटात काही ना काही भर घातली आहे. असे असूनही आज त्याच ताटातील पदार्थांवर राष्ट्रीयत्वाचे दावे सांगितले जातात. कॉफी तुर्कांची की ग्रीकांची, बुरेक कोणाचा, आयवार कोणाचा, हे प्रश्न तेथे केवळ थट्टेचे विषय नाहीत. कोण मूळचा आणि कोण उपरा, याचा निवाडा अनेकदा याच भाषेत केला जातो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार प्रवास व परदेशवास यांच्या अंगाने केला आहे.

‘बाल्कन’ हा तुर्की शब्द असून त्याचा अर्थ वनाच्छादित डोंगर असा होतो. जर्मन भूगोलज्ञ आउगुस्ट त्सोइने याने १८०८ मध्ये संपूर्ण द्वीपकल्पाला हे नाव दिले. बल्गेरियातील एकच पर्वतरांग द्वीपकल्पाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरली आहे, या समजुतीवर ते आधारलेले होते. समजूत चुकीची ठरली तरी नाव टिकले. मारिया तोदोरोवा यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हे नाव पुढे पश्चिम युरोपच्या दृष्टीने मागासलेपण व हिंसा यांचे प्रतीक कसे बनले, याची सविस्तर चिकित्सा केली आहे.

शब्दांचा प्रवास

परदेशवासासाठी बाल्कन भाषांत जे शब्द आहेत ते मराठी वाचकाला विशेष उद्बोधक वाटावेत. त्यांपैकी एक दूरवर पसरलेला शब्द ‘गुरबेत’ हा होय. अल्बेनियन भाषेत तो ‘कुर्बेत’ असा उच्चारला जातो. परक्या मुलखात राहणे व त्यातून येणारे एकाकीपण हे दोन्ही अर्थ त्यात सामावलेले आहेत. हा शब्द ज्या अरबी धातूपासून आला त्याच धातूपासून ‘गरीब’ हा शब्द बनला. त्याचा मूळ अर्थ ‘परका’ असा होता. फारसीमार्गे भारतात येताना परका माणूस निर्धन ठरला. अर्थबदलाचा हा प्रवास पुरेसा बोलका आहे.

ऑटोमन राजवटीत तुर्की भाषेमार्फत बाल्कन प्रदेशात गेलेले अरबी-फारसी शब्द आणि मध्ययुगात दख्खनेत आलेले तसेच शब्द यांची तुलना केली तर एक मोठी सामाईक शब्दसंपत्ती हाती येते. बोस्नियात दुकानाला ‘दुचान’, शत्रूला ‘दुशमन’, मोकळ्या जागेला ‘मेय्दान’ म्हणतात. स्वयंपाकघरात तर हे साम्य अधिकच जाणवते. मॅसेडोनियाचा प्रसिद्ध घेवड्याचा पदार्थ ‘तावचे ग्रावचे’ याच्या नावातील पहिला शब्द म्हणजे आपला तवा. ‘चेवाप’ म्हणजे कबाब. ‘शेचेर’ म्हणजे साखर, आणि या शब्दाचे मूळ तर संस्कृत ‘शर्करा’ हेच आहे. सारायेव्हो या नगराच्या नावातही ‘सराई’ हा शब्द लपलेला आहे.

‘पाप्रिका’ या शब्दाची कथा आणखी वेगळी. सोळाव्या शतकात अमेरिकेतून आलेली मिरची बाल्कन प्रदेशात ऑटोमन व्यापाराच्या वाटेने, तर पश्चिम भारतात पोर्तुगीजांच्या गलबतांतून पोहोचली. दोन्ही ठिकाणी लोकांनी या नवागताला जुन्या परिचित मसाल्याचे नाव दिले. मराठीत मिरीवरून मिरची झाली. तिकडे ‘पापर’ म्हणजे मिरी, त्यावरून पाप्रिका झाली, आणि हा ‘पापर’ लॅटिन व ग्रीक भाषांमधून मागे मागे जात थेट संस्कृत ‘पिप्पली’पर्यंत पोहोचतो. म्हणजे वस्तू पश्चिमेकडून आली, नाव पूर्वेकडून आले. बाल्कन पाककृतींचा आज आधारस्तंभ मानली जाणारी मिरची, मका, टोमॅटो, बटाटा व घेवडा ही सर्व मंडळी मुळात परदेशवासीच आहेत.

मुसाफिरखाना व कॉफीचा पेला

ऑटोमन काळात प्रवाशाच्या अन्नाची सोय ही धर्मादाय संस्थांची जबाबदारी होती. सारायेव्हो येथे गाझी हुस्रेव-बेग याने सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्थापन केलेल्या वक्फमध्ये मशीद व मदरसा यांच्या जोडीला अन्नछत्र आणि मुसाफिरखाना यांचाही समावेश होता. तेथे हा शब्द ‘मुसाफिरहाना’ असाच वापरला जातो. बाजारपेठेला ‘चार्शिया’ म्हणत. या चार्शियांतूनच कबाब, बुरेक, हलवा आणि ‘बोझा’ नावाचे आंबवलेल्या धान्याचे पेय सर्वदूर पसरले. बोझा पाहून मराठी माणसाला नाचणीच्या आंबिलीची आठवण व्हावी.

सोळाव्या शतकाच्या मध्यास इस्तंबूलमध्ये कॉफीगृहे सुरू झाली व तेथून कॉफी बाल्कन नगरांत पोहोचली. आज बोस्नियन लोक आपली कॉफी तुर्की कॉफीहून वेगळी असल्याचे आग्रहाने सांगतात. फरक पद्धतीचा आहे. तुर्की पद्धतीत पाणी व कॉफीपूड एकत्र तापवतात, तर बोस्नियात पाणी आधी उकळून मग ते ‘जेझ्वा’ या लांब दांड्याच्या तांब्याच्या भांड्यातील पुडीवर ओततात. सोबत साखरेचा खडा व बहुधा ‘रहात लोकुम’ ही मिठाई असते. पाहुण्याला दिल्या जाणाऱ्या कॉफीलाही वेगवेगळी नावे आहेत. स्वागताची ती ‘दोचेकुशा’, गप्पांची ती ‘राझ्गोवोरुशा’ आणि पाहुण्याने आता उठावे असे सुचविणारी ती ‘सिक्तेरुशा’. निरोपाची इतकी सभ्य आणि इतकी स्पष्ट भाषा अन्यत्र क्वचितच आढळेल. ग्रीसमध्ये हीच कॉफी दीर्घकाळ ‘तुर्की’ म्हणूनच मागितली जात असे. १९७४ मध्ये तुर्कस्तानच्या सैन्याने सायप्रसवर स्वारी केल्यानंतर ती मोठ्या प्रमाणावर ‘ग्रीक कॉफी’ झाली. पेल्यातील द्रव्य मात्र तेच राहिले.

१९२३ ची अदलाबदल

अन्नाचा व सक्तीच्या स्थलांतराचा संबंध सर्वांत ठळकपणे दिसतो तो ग्रीस व तुर्कस्तान यांच्यातील लोकसंख्येच्या अदलाबदलीत. ३० जानेवारी १९२३ रोजी लोझान येथे झालेल्या करारानुसार सुमारे बारा लाख ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसचे ठरले व साडेतीन ते चार लाख मुस्लीम तुर्कस्तानचे ठरले. निकष धर्माचा होता, भाषेचा नव्हे. त्यामुळे केवळ तुर्की बोलणारे अनातोलियातील ख्रिस्ती ‘मायदेशी’ म्हणून ग्रीसला गेले, तर ग्रीक बोलणारे क्रीट बेटावरील मुस्लीम ‘मायदेशी’ म्हणून तुर्कस्तानात गेले. दोन्हीकडे त्यांना परकेच मानले गेले. फाळणीचा इतिहास शिकविणाऱ्या भारतीय अध्यापकास हे चित्र अपरिचित वाटणार नाही.

या निर्वासितांनी बरोबर काय नेले? घरे व शेते मागे राहिली. हातांत राहिल्या त्या पाककृती. स्मिर्ना येथून आलेल्यांनी जिरे घातलेले मांसाचे लांबट गोळे, ‘सुत्सुकाकिया’, ग्रीसमध्ये रुजविले. थेस्सालोनिकी नगराची ओळख बनलेली ‘बुगात्सा’ ही पातळ पदरांची न्याहारीही निर्वासित कारागिरांमुळेच तेथे फोफावली. क्रीटहून गेलेल्या मुस्लिमांनी आयवालिक परिसरात रानभाज्या व ऑलिव्ह तेल यांवर आधारलेली पाकपद्धती नेली. स्थानिकांना आरंभी या रानभाज्या म्हणजे जनावरांचा चारा वाटे. आज त्याच भाज्यांसाठी पर्यटक तेथे जातात.

याच काळात निकोलाओस त्सेलेमेन्तेस हा आचारी ग्रीक पाककलेतून ऑटोमन छाप पुसून टाकण्याचा प्रयत्न करीत होता. मुसाक्यावर फ्रेंच पद्धतीच्या पांढऱ्या सॉसचा थर देण्याची रूढी त्याच्या पाकपुस्तकाने लोकप्रिय केली. बल्गेरियात मुसाका बटाट्याचा असतो व त्यावर अंडी-दह्याचा थर असतो. बल्गेरियाचे ‘राष्ट्रीय’ म्हणून मिरविले जाणारे शोप्स्का सॅलड तर ‘बाल्कानतुरिस्त’ या सरकारी पर्यटनसंस्थेने विसाव्या शतकाच्या मध्यास परदेशी पाहुण्यांसाठी रूढ केले. टोमॅटो, काकडी व पांढरे चीज यांतून राष्ट्रध्वजाचे रंग आपोआप साधले गेले. परंपरा पुष्कळदा पाहुण्यांसाठी घडविल्या जातात, त्याचे हे उत्तम उदाहरण होय.

पेचाल्बा ते गास्टआर्बायटर

मॅसेडोनियाच्या पश्चिमेकडील डोंगराळ गावांत कमाईसाठी दूरदेशी जाण्याची जुनी रीत होती. तिला ‘पेचाल्बा’ म्हणतात. गवंडी, सुतार, गवळी, भटारी अशा व्यवसायांतील पुरुष वर्षाचा बहुतेक काळ बाहेर राहत. गालिच्निक या गावी ते जुलैमध्ये संत पीटरच्या सणाला परतत व त्यामुळे गावातील सर्व लग्ने त्याच दिवसांत लागत. परदेशवासाने लग्नाचा मुहूर्त ठरवावा, याहून त्याचा खोल प्रभाव कोणता असू शकेल? युगोस्लाव्हियातील शहरांत मिठाईची दुकाने प्रामुख्याने गोरानी व अल्बेनियन लोकांच्या हाती असणे, हाही याच परंपरेचा विस्तार होता.

पश्चिम जर्मनीने १९६० मध्ये ग्रीसशी, १९६१ मध्ये तुर्कस्तानशी व १९६८ मध्ये युगोस्लाव्हियाशी कामगारभरतीचे करार केले. या कामगारांना ‘गास्टआर्बायटर’, म्हणजे पाहुणे कामगार, असे नाव मिळाले. पाहुणा कधीतरी परत जातो, हे त्यातील गृहीतक. १९७३ मध्ये भरती थांबली, परंतु पुष्कळ पाहुणे राहिले व त्यांनी कुटुंबेही बोलावून घेतली. उन्हाळ्यात मोटारी भरून गावी जाणे व परतताना गावचे अन्न भरून आणणे, हा त्यांच्या वर्षाचा क्रम बनला.

या शिदोरीत आयवारला विशेष स्थान आहे. ‘आयवार’ हा शब्द माशांच्या खारवलेल्या अंड्यांसाठीच्या तुर्की शब्दावरून आला असला तरी पदार्थ पूर्ण शाकाहारी आहे. सप्टेंबरात लाल मिरच्या पोत्यांनी आणतात. या मिरच्या मोठ्या, मांसल व बहुधा गोड असतात. त्या चुलीवर भाजतात, सोलतात, वाटतात आणि तेल घालून तासन्‌तास ढवळत आटवतात. सारे घर व शेजार या कामाला लागतो. हिवाळ्यासाठीच्या अशा साठवणीला ‘झिमनित्सा’ म्हणतात. मराठीत त्याला ‘बेगमी’ हाच नेमका शब्द आहे. आपली बेगमी उन्हाळ्यात पावसाळ्यासाठी होते, त्यांची शरदात हिमासाठी, एवढाच भेद. युरोपीय संघाच्या नियमांनुसार संघाबाहेरील देशांतून प्रवाशाला मांस व दुग्धजन्य पदार्थ सोबत आणता येत नाहीत, आणि तीव्र मद्याची करमुक्त मर्यादा एक लिटर आहे. म्हणजे सर्बिया अथवा बोस्नियातून निघणाऱ्याची ‘काय्माक’ ही साय व धुरावलेले मांस सीमेवर अडते. आयवारची बरणी मात्र बिनदिक्कत पार होते. परदेशात घराचे प्रतीक म्हणून तिला जे स्थान मिळाले त्यामागे भावनेइतकाच सीमाशुल्काचाही हात असावा.

जर्मन शहरांत या काळात ‘बाल्कन-ग्रिल’ नावाची उपाहारगृहे निघाली. एकाच थाळीत निरनिराळ्या प्रजासत्ताकांचे पदार्थ तेथे सुखाने नांदत. १९९१ नंतर देश फुटला तशा पाट्याही बदलल्या. स्लोव्हेनियात तर दक्षिणेकडून आलेल्या कामगारांचा बुरेक हा त्यांच्याविषयीच्या तिरस्काराचे चिन्ह ठरला व त्याला नकार देणारी वाक्ये भिंतींवर लिहिली गेली. संशोधक येर्ने म्लेकुझ यांनी या एका पदार्थावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला आहे. गंमत अशी की स्लोव्हेनियातील तरुणांचे रात्रीचे आवडते खाणे आज बुरेक हेच आहे. खुद्द बोस्नियात मात्र केवळ मांसाच्या सारणाचा तोच बुरेक. चीजची ‘सिरनित्सा’, पालकाची ‘झेल्यानित्सा’, बटाट्याची ‘क्रोम्पिरुशा’. चीजचा बुरेक मागणारा सर्बियातून आला असावा, हे तेथे लगेच ओळखले जाते.

वेढ्यातील ताट

सारायेव्होचा वेढा एप्रिल १९९२ पासून फेब्रुवारी १९९६ पर्यंत, १४२५ दिवस चालला. जुलै १९९२ मध्ये सुरू झालेली संयुक्त राष्ट्रांची हवाई मदत जानेवारी १९९६ पर्यंत चालू होती. बर्लिनच्या प्रसिद्ध हवाई मदतीपेक्षा ती कितीतरी अधिक काळ चालली. तांदूळ, मॅकरोनी, दुधाची भुकटी व डबाबंद मांस यांवर शहर जगले. गृहिणींनी भुकटीपासून चीजसदृश पदार्थ केला आणि भाताच्या सारणाची ‘पिटा’ लाटली. २००७ मध्ये शहरात ‘इकार’ या डबाबंद गोमांसाच्या डब्याची भव्य प्रतिकृती उभारण्यात आली व ती आंतरराष्ट्रीय समुदायाला उपहासाने ‘कृतज्ञतापूर्वक’ अर्पण करण्यात आली. शस्त्रे रोखू न शकलेल्या जगाने पाठविलेल्या अन्नाची ही पोच होती. वेढ्यातून व युद्धातून बाहेर पडलेले बोस्नियन लोक जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वीडन व अमेरिकेतील सेंट लुइस येथे गेले. तेथे त्यांची वस्ती चेवापी व कॉफी यांवरून ओळखली जाते.

सर्बियन ऑर्थोडॉक्स कुटुंबांचा ‘स्लावा’ हा कुलरक्षक संताचा सण पित्याकडून पुत्राकडे येतो. आपल्या कुळाचाराशी त्याचे साम्य सहज लक्षात यावे. त्यासाठी शिजवलेल्या गव्हात साखर व अक्रोड घालून प्रसाद करतात आणि खास पाव भाजतात. युनेस्कोने २०१४ मध्ये या सणाला अमूर्त वारशाच्या सूचीत स्थान दिले. परदेशात वाढलेल्या पिढीची भाषा सुटली तरी हा गहू शिजत राहतो.

उलटा प्रवाह

बल्गेरियाची लोकसंख्या १९८५ च्या जनगणनेत सुमारे ८९.५ लाख होती. २०२१ मध्ये ती ६५.२ लाखांवर आली. क्रोएशियाची १९९१ मध्ये ४७.८ लाख होती, ती २०२१ मध्ये ३८.७ लाख झाली. जन्मदरातील घट हे एक कारण, परदेशगमन हे दुसरे. या रिकाम्या जागी आता दोन प्रकारची माणसे येत आहेत. एक, स्वस्त घर व सूर्यप्रकाश शोधणारे पश्चिम युरोपीय निवृत्त लोक आणि संगणकावर दूरस्थ काम करणारे तरुण. त्यांना तेथे ‘एक्स्पॅट’ म्हणतात. दुसरे, बांधकाम, हॉटेल व अन्नवितरण या क्षेत्रांत काम करणारे नेपाळी, भारतीय, फिलिपिनो मजूर. त्यांना ‘परदेशी कामगार’ म्हणतात. दोघेही आपला देश सोडून आलेले. तरीही नाव वेगळे, आणि वागणूकही वेगळी. एकेकाळी स्वतः गास्टआर्बायटर पाठविणाऱ्या समाजाने हा भेद इतक्या लवकर आत्मसात करावा, हे विचार करण्याजोगे आहे.

क्रोएशियाने २०२१ पासून परदेशी कामगारांच्या वार्षिक कोट्याची पद्धत रद्द केल्यानंतर झाग्रेबच्या रस्त्यांवर दक्षिण आशियाई वितरक सर्रास दिसू लागले. लोकांच्या दारात ते बुरेक व चेवापी पोहोचवितात. स्वतःच्या जेवणासाठी मात्र सामायिक खोलीतील एकाच शेगडीवर आळीपाळीने डाळ-भात शिजवतात. शहरात मसाल्यांची व कणकेची दुकाने निघू लागली आहेत, मोमो मिळू लागले आहेत. जर्मनीतील गास्टआर्बायटरही एकेकाळी अशाच वसतिगृहांतील सामायिक शेगड्यांवर अन्न शिजवीत.