सामन्याची बातमी आणि इंग्रजीच्या तीन पायऱ्या



अभ्यासिकेत बसणाऱ्या मुलामुलींशी बोलताना एक वाक्य आम्हाला हटकून ऐकावे लागते, ‘‘बाकी सगळं जमतं हो, पण इंग्रजीत अडतं.’’ हे ऐकले की आम्हाला आमचेच जुने दिवस आठवतात. आम्ही मराठी शाळेत शिकलो. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून सुरू होई; पहिलीपासून इंग्रजी हा विषय राज्यात २००० साली आला. पुढे कला शाखेची पदवी घेतली आणि बँकेत लिपिक म्हणून लागलो. पदवी होती, पण इंग्रजी परिपत्रक टेबलावर आले की घाम फुटे.

एके नोव्हेंबरात एक निवृत्त आजोबा काउंटरवर आले. निवृत्तिवेतनाच्या परिपत्रकाकडे बोट दाखवून म्हणाले, ‘‘साहेब, यात काय लिहिलंय तेवढं वाचून सांगा.’’ आम्ही खणखणीत आवाजात वाचले. ‘अनलेस द लाइफ सर्टिफिकेट इज सबमिटेड, पेन्शन विल नॉट बी पेड’ अशा धर्तीचे ते वाक्य होते. आजोबांनी शांतपणे विचारले, ‘‘म्हणजे पेन्शन मिळणार की नाही?’’ आम्हाला उत्तर देता येईना. ‘नॉट’ कळत होते, पण त्या ‘अनलेस’पाशी गाडी अडली होती. अखेर शेजारच्या सहकाऱ्याने सांगितले, ‘‘आजोबा, हयातीचा दाखला दिला नाहीत तर पेन्शन थांबेल. दाखला द्या, पेन्शन मिळेल.’’ आजोबा निश्चिंत होऊन गेले. आम्ही मात्र त्या दिवशी डबा तसाच घरी नेला. वाचता येते पण सांगता येत नाही, या वाचण्याला काय अर्थ?

त्या रात्री आम्हाला कॉलेजच्या दिवसांतली एक गोष्ट आठवली. १२ जुलै १९९८ रोजी पॅरिसजवळ विश्वचषक फुटबॉलचा अंतिम सामना झाला. फ्रान्सने ब्राझीलला ३-० असे हरवले. झिदानने मध्यंतरापूर्वीच डोक्याने दोन गोल केले होते. वाचनालयात मराठी दैनिकातून आम्ही ही हकिगत चवीने वाचली आणि जागा नव्हती म्हणून इंग्रजी दैनिकाच्या टेबलाशी जाऊन बसलो. समोर त्याच सामन्याची बातमी होती. सहज नजर टाकली, तर काय आश्चर्य! बरेचसे कळत होते. ‘हेडर’ म्हणजे काय, ‘कॉर्नर’ म्हणजे काय, हे कोणाला विचारावे लागले नाही. तेव्हा मौज वाटली, पण त्यातला धडा उमगला नाही. आजोबांच्या प्रसंगानंतर तो उमगला. तोच आज आपल्यापुढे मांडायचा आहे.

सामन्याचीच बातमी का?

इंग्रजी उतारा वाचताना आपल्यापुढे एकाच वेळी दोन अडचणी असतात. भाषा अनोळखी असते आणि विषयही अनोळखी असतो. सामन्याच्या बातमीत विषयाची अडचण आधीच सुटलेली असते. कोण जिंकले, गोल कोणी केला, हे आपल्याला माहीत असते. उरते ती फक्त भाषा. शिवाय गोल, पेनल्टी, रेफरी, कॉर्नर, फायनल हे शब्द आपण मराठीतही वापरतो. खेळाडूंची नावे, देशांची नावे आणि आकडे कोणत्याही भाषेत तेच. म्हणजे शंभर शब्दांच्या बातमीतले कितीतरी शब्द वाचण्याआधीच आपल्या खिशात असतात.

एका विद्यार्थिनीने आम्हाला विचारले, ‘‘मला फुटबॉलमधलं काहीच कळत नाही, मग क्रिकेटची बातमी चालेल का?’’ अवश्य चालेल. ज्या खेळात आपला जीव रमतो तो निवडावा. आम्ही फुटबॉल सुचवतो तो एवढ्यासाठी की त्याचे नियम थोडे आहेत, गोष्ट दीड-दोन तासांत संपते आणि जवळजवळ प्रत्येक देशात त्याच्या बातम्या लिहिल्या जातात. आपल्याकडे कोल्हापुरात तर विश्वचषकाच्या वेळी पेठापेठांतून ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे लागतात. तेथील मुलांना मेसीची ओळख करून द्यावी लागत नाही.

पायऱ्यांची कल्पना जुनीच

सोप्याकडून अवघडाकडे जाण्यासाठी मोजक्या शब्दांत मजकूर लिहायचा, ही कल्पना आजची नाही. तिचे एक मूळ आपल्याच उपखंडात आहे. मायकेल वेस्ट नावाचे इंग्रज शिक्षणतज्ज्ञ गेल्या शतकात ढाक्यात शिक्षणाच्या कामावर होते. बंगाली मुलांच्या इंग्रजी पुस्तकांत नवे शब्द फार दाटीने येतात आणि त्यांतले बरेच क्वचितच लागणारे असतात, हे त्यांच्या ध्यानात आले. म्हणून नेहमीचे शब्द आधी द्यायचे आणि नवे शब्द विरळ पेरायचे, अशा पद्धतीची वाचनमाला त्यांनी तयार केली. १९५३ साली त्यांनी प्रसिद्ध केलेली सुमारे दोन हजार शब्दांची यादी जगभर वापरली गेली. पुढे १९५९ च्या ऑक्टोबरात ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ या नभोवाणीने सुमारे दीड हजार शब्दांत, संथ गतीने इंग्रजी बातम्या देण्यास प्रारंभ केला. आता तर एकच बातमी दोन-तीन पायऱ्यांत लिहून देण्याची पद्धत रूढ झाली आहे आणि असा मजकूर मोबाइलवरही मिळतो.

एक सामना, तीन पायऱ्या

१८ डिसेंबर २०२२ रोजी कतारमधील लुसैल येथे अर्जेंटिना आणि फ्रान्स यांच्यात अंतिम सामना झाला. अर्जेंटिनाने दोन गोलांची आघाडी घेतली. फ्रान्सच्या एम्बापेने ८० व्या आणि ८१ व्या मिनिटाला गोल करून बरोबरी साधली. जादा वेळेनंतर ३-३ अशी बरोबरी राहिली आणि पेनल्टीच्या फैरीत अर्जेंटिना ४-२ ने जिंकली. गोष्ट एवढीच. आता हीच गोष्ट इंग्रजीत तीन प्रकारे पाहू. वाक्ये आमचीच आहेत.

पहिली पायरी: ‘अर्जेंटिना प्लेड फ्रान्स इन द फायनल. मेसी स्कोअर्ड टू गोल्स. एम्बापे स्कोअर्ड थ्री. अर्जेंटिना वन ऑन पेनल्टीज.’ एका वाक्यात एकच क्रिया. कोणी केले आणि काय केले, बस्स. भूतकाळ साधा. येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. मराठीत आपण सामना ‘जिंकतो’ आणि प्रतिस्पर्ध्याला ‘हरवतो’. इंग्रजीतही तसेच आहे. ‘विन’ सामन्यासाठी, ‘बीट’ प्रतिस्पर्ध्यासाठी. तरीही ‘अर्जेंटिना वन फ्रान्स’ असे आपली मुले सर्रास लिहितात. ‘अर्जेंटिना बीट फ्रान्स’ हे बरोबर.

दुसरी पायरी: ‘ऑलदो अर्जेंटिना वेअर टू गोल्स अहेड, एम्बापे स्कोअर्ड ट्वाइस इन टू मिनिट्स.’ येथे दोन वाक्ये जोडली गेली. ‘ऑलदो’ म्हणजे ‘जरी’. मराठीत ‘जरी’ आले की मागोमाग ‘तरी’ येते. त्या सवयीने आपण ‘ऑलदो’नंतर ‘बट’ घालतो आणि गुण गमावतो. इंग्रजीत जोडणीला एकच शब्द पुरतो. ‘अर्जेंटिना वेअर’ हे पाहूनही दचकू नये. ब्रिटिश इंग्रजीत संघ म्हणजे अकरा माणसे, म्हणून अनेकवचन; अमेरिकन लेखक तेथे सहसा ‘वॉज’ लिहितात. याच पायरीवर दुसरे वाक्य पाहा: ‘अनलेस दे स्कोअर्ड सून, फ्रान्स वुड लूज द कप.’ लवकर गोल केला नाही, तर फ्रान्सचा चषक जाणार. हाच तो आजोबांपुढे आम्हाला अडवणारा ‘अनलेस’! त्याच्या पोटातच ‘नाही तर’ दडलेले असते. फ्रान्सची ती अवस्था डोळ्यांपुढे आणली, की हा शब्द पुन्हा विसरत नाही.

तिसरी पायरी: ‘हॅविंग लेट अ टू-गोल लीड स्लिप, अर्जेंटिना हेल्ड देअर नर्व्ह टू विन द शूट-आउट फोर-टू.’ इंग्रजी दैनिकाचा वार्ताहर असे लिहितो. ‘हॅविंग’ पाहून घाबरण्याचे कारण नाही. आपल्या ‘करून’, ‘जाऊन’, ‘देऊन’ या रूपांचे काम ते करते. दोन गोलांची आघाडी निसटू देऊनही, असा अर्थ झाला. ‘हेल्ड देअर नर्व्ह’चा शब्दशः अर्थ लावू गेलो तर ‘नस धरली’ असे काहीतरी हाती लागेल! तो वाक्प्रचार आहे. अर्थ एवढाच की ते डगमगले नाहीत. आणि शेवटचे ‘टू विन’ म्हणजे येथे ‘जिंकण्यासाठी’ नव्हे, ‘आणि जिंकले’. गोष्ट आधी ठाऊक असल्यामुळेच हा फरक कळतो. ठाऊक नसती, तर ते जिंकले की जिंकण्यासाठी नुसते झटले, याचा उलगडा होणे कठीण गेले असते.

आणखी एक नाजूक जागा सांगतो. मराठीत ‘तेविसाव्या मिनिटाला’, ‘मध्यंतराला’ असा एकच ‘ला’ आपण लावतो. इंग्रजीत मिनिटाला ‘इन’, मध्यंतराला ‘ॲट’, रविवारला ‘ऑन’. यांचे नियम पाठ करून आम्ही थकलो होतो. शंभरेक बातम्या वाचल्यावर ‘इन द ट्वेंटी-थर्ड मिनिट’ आपोआप तोंडात बसले. सामन्याच्या बातमीचा हाच मोठा गुण, की तेच ते शब्द आणि तीच ती वाक्यरचना दर आठवड्याला नव्या गोष्टीत पुन्हा भेटते.

आपली पायरी कोणती?

न्यूझीलंडमधील भाषातज्ज्ञ पॉल नेशन यांनी सहकाऱ्यासह केलेला एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. मदतीशिवाय मजकूर नीट समजायला शंभरातले सुमारे ९८ शब्द ओळखीचे असावे लागतात, असा त्याचा निष्कर्ष. यावरून आम्ही एक घरगुती माप केले आहे. बातमीतले पहिले पन्नास शब्द मोजावेत. त्यांत एखादाच शब्द अडला तर पायरी आपली. दोन-तीन अडले तर शब्दकोश जवळ घ्यावा. त्याहून अधिक अडले तर खुशाल एक पायरी खाली उतरावे.

हे खाली उतरणेच आपल्याला जमत नाही. एका पदवीधर तरुणाला आम्ही पहिल्या पायरीची बातमी दिली तेव्हा तो म्हणाला, ‘‘काका, हे तर पोराटोरांचं आहे.’’ मग आम्ही ती बातमी मिटून ठेवली आणि त्याला म्हटले, ‘‘आता हीच पाच वाक्यांत लिही.’’ त्याने लिहिली. पाच वाक्यांत चार चुका निघाल्या. तो खजील झाला; पण आम्ही त्याला आजोबांची गोष्ट सांगितली, तेव्हा हसला आणि दुसऱ्या दिवशी वही घेऊन आला. वाचताना पोरकट वाटणारी पायरी लिहिताना पोरकट राहत नाही. खालच्या पायरीची लाज बाळगून आपण वरच्या पायरीकडे नुसते पाहत बसतो, यातच आपली वर्षे जातात.

कृती

आठवड्याला एक सामना पुरे. आधी मराठीत बातमी वाचावी. मग इंग्रजीतली सोपी बातमी तीनदा वाचावी, एकदा मोठ्याने. दुसऱ्या दिवशी वरच्या पायरीची घ्यावी. तयार पायऱ्या मिळाल्या नाहीत तर इंग्रजी दैनिकातच त्या असतात. निकालाची एक ओळ ही पहिली, वृत्तसंस्थेची छोटी बातमी ही दुसरी आणि वार्ताहराचा सविस्तर वृत्तांत ही तिसरी. मथळा मात्र शेवटी वाचावा, कारण मथळ्याचे व्याकरण वेगळे. आपण मराठी मथळ्यात ‘आहे’, ‘झाला’ गाळतो. इंग्रजीत ‘अ’, ‘द’ गाळतात आणि घडून गेलेली गोष्ट वर्तमानकाळात सांगतात.

वहीत सुटे शब्द उतरवू नयेत; पूर्ण वाक्य उतरवावे. आणि शेवटी आपल्या वस्तीतल्या मैदानावर झालेल्या सामन्याची पाच इंग्रजी वाक्ये स्वतः लिहावीत. ती बातमी कोणत्याही वर्तमानपत्रात छापून आलेली नसते, त्यामुळे नक्कल करायला वावच राहत नाही.

केवळ एवढ्यावर स्पर्धा परीक्षा सुटेल, असे आम्ही म्हणणार नाही. तिथले शब्द वेगळे, सरावही वेगळा लागतो. परंतु वाक्याचा सांगाडा तोच असतो. मैदानावर ओळख झालेले ‘ऑलदो’ आणि ‘अनलेस’ कचेरीतल्या कागदावरही तेच काम करतात. आम्ही दर सोमवारी सामन्याची बातमी वाचू लागलो, त्यानंतर वर्षभरात परिपत्रकाची धास्ती गेली.

आजही नोव्हेंबर आला की काउंटरवर हयातीच्या दाखल्यासाठी रांग लागते. कोणी ना कोणी आजोबा किंवा आजी कागद पुढे करून विचारतात, ‘‘साहेब, म्हणजे काय?’’ आता आम्ही सांगू शकतो. उद्या त्या काउंटरच्या आतल्या बाजूला आपल्यापैकी कोणी बसले असेल, तेव्हा रांगेतल्या माणसाला त्याचे उत्तर मिळावे, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.