बीएस्सी फिजिक्स म्हणजे नाइलाज नव्हे!

बारावी सायन्स झाली की आमच्या अर्जुनी मोरगावकडे एकच प्रश्न विचारतात : डॉक्टर की इंजिनिअर? दोन्ही जमले नाही तर बीएस्सी. नाइलाजाने घेतलेल्या याच पदवीत उपयोजित भौतिकशास्त्राची मोठी वाट आहे.

खरेदी केंद्रावर धानाचा ओलावा १७ टक्क्यांवर निघाला की पोती परत येतात. तो आकडा सांगणारे यंत्र कसे चालते? सुक्या दाण्यापेक्षा पाणी विद्युतभार कितीतरी जास्त साठवू देते. या फरकावरून अनेक यंत्रे ओलावा मोजतात. निसर्गाचा नियम ओळखून कामाचे उपकरण घडवणे, हेच उपयोजित भौतिकशास्त्र. सेमीकंडक्टर, लेझर, सौर पॅनल, कॅन्सरवरचे रेडिएशन सारे याच घरातले.

मित्रांनो, अकरावीत गणित सोडू नका. ते सोडले की ही वाट जवळपास बंद होते. बारावीला असतानाच आयसरसाठी आयएटी, नायसर व मुंबईच्या सीईबीएससाठी नेस्ट परीक्षेचा अर्ज भरा. तिथे नंबर लागला नाही तरी जवळच्या कॉलेजातून बीएस्सी करून ‘जॅम’मार्फत आयआयटीत एमएस्सीला जाता येते. खर्चासाठी महाडीबीटीवर पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती आहे. वसतिगृह न मिळाल्यास स्वाधार योजना पाहा. जातीचे, उत्पन्नाचे दाखले निकालाआधीच काढून ठेवा.

बाबासाहेबांनी १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री म्हणून देशाच्या वीज आणि पाणी नियोजनात लक्ष घातले. यंत्रे वापरणाऱ्यांत आपण आहोतच. आता घडवणाऱ्यांतही दिसलो पाहिजे.

जय भीम!