अर्धमागधी की जर्मन?

दहावीचा निकाल लागला आणि अकोल्याला माझ्या मुलाच्या घरी एक वाद सुरू झाला. नातीला अकरावीसाठी भाषेचा विषय निवडायचा होता. इंग्रजीसोबत दुसरी भाषा म्हणून तिला अर्धमागधी घेता येत होती आणि जर्मनही. मुलाचे म्हणणे होते, जर्मन घ्यावी, पुढे उपयोगी पडेल. माझ्या सौभाग्यवतींचे म्हणणे, आगमांची भाषा सोडून परकी भाषा कशाला? मी अमरावतीहून दूरध्वनीवरच निकाल देऊन टाकला : अर्धमागधी घे, आपली भाषा आहे, शिवाय गुणही भरपूर मिळतात.

नातीने शांतपणे विचारले, "आबाजी, तुम्हीही अकरावीला अर्धमागधीच घेतली होती ना? मग ‘अरिहंताणं’ या शब्दातल्या शेवटच्या ‘णं’चा अर्थ काय, ते सांगा ना."

मला उत्तर देता आले नाही. साठ वर्षे रोज नवकार म्हणणारा, अर्धमागधीत उत्तम गुण मिळवून वाणिज्य शाखेची पदव्युत्तर पदवी घेतलेला मी निरुत्तर झालो. खरे सांगायचे तर त्या दोन वर्षांत मी भाषा शिकलोच नव्हतो. उताऱ्यांची भाषांतरे पाठ केली, परीक्षेत उतरवली आणि विसरून गेलो. बँकेत आम्ही ज्याला व्यवहार न झालेले खाते म्हणतो, तशी माझी अर्धमागधी होती. खाते नावावर, पण त्यात कधी भर नाही की त्यातून कधी उचल नाही.

त्या प्रश्नानंतर मी काही आठवडे वाचनात घालवले. जे हाती आले, ते समाजातील पालकांपुढे ठेवावेसे वाटते.

प्रथम अर्धमागधीविषयी. श्वेतांबर परंपरेचे आगम या भाषेत आहेत, तर दिगंबर परंपरेतील षट्खंडागमाची भाषा शौरसेनी प्राकृत आहे. दोन्ही प्राकृतच, आणि एक येऊ लागली की दुसरी फारशी दूर राहत नाही. मराठी माणसाला प्राकृत परकी वाटण्याचे कारण नाही. संस्कृत ‘हस्त’चे प्राकृतात ‘हत्थ’ झाले आणि मराठीत ‘हात’. ‘दुग्ध’चे ‘दुद्ध’ आणि मग ‘दूध’. ‘कर्म’चे ‘कम्म’ आणि मग ‘काम’. प्राकृतात द्विवचन नाही. चतुर्थीचे काम बहुतेक ठिकाणी षष्ठीच करते. नातीच्या प्रश्नाचे उत्तर येथेच होते. ‘अरिहंताणं’ हे षष्ठीचे अनेकवचन आहे, पण अर्थ चतुर्थीचा : अरिहंतांना. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये केंद्र शासनाने मराठीसोबत प्राकृतलाही अभिजात भाषेचा दर्जा दिला, हे वाचकांना स्मरत असेलच.

आता जर्मनविषयी. मुलाचे म्हणणेही पोकळ नव्हते. जर्मनीतील बहुतेक शासकीय विद्यापीठांत शिक्षणशुल्क जवळजवळ नसते. 2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने तेथील बाडेन-वुर्टेमबर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठविण्याबाबत करार केला. मात्र केवळ अकरावी-बारावीच्या जर्मनवर तेथे नोकरी मिळत नाही. ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा पातळ्या आहेत आणि रुग्णसेवेसारख्या कामाला मधल्या, म्हणजे ‘बी’ पातळ्या गाठाव्याच लागतात. मराठी मुलांना एक सोय आहे. जर्मनमध्येही मराठीप्रमाणे तीन लिंगे आहेत, आणि गौण वाक्यात क्रियापद आपल्यासारखेच शेवटी जाते.

वाचता वाचता मला कळले की ज्या दोन भाषांमध्ये आमच्या घरी भांडण लागले होते, त्यांची मैत्री फार जुनी आहे. हर्मान याकोबी हे जर्मन विद्वान 1873-74 मध्ये भारतात येऊन हस्तलिखिते पाहून गेले. 1879 साली त्यांनी लाइपझिग येथून कल्पसूत्राची आवृत्ती काढली आणि जैन धर्म ही बौद्ध धर्माची शाखा नसून स्वतंत्र परंपरा आहे, हे तिच्या प्रस्तावनेत साधार मांडले. 1886 मध्ये त्यांनी महाराष्ट्री प्राकृतातील निवडक कथांचे पुस्तक विद्यार्थ्यांसाठी प्रसिद्ध केले. रिखार्ड पिशेल यांचे प्राकृत भाषांचे व्याकरण 1900 साली जर्मनमध्येच निघाले. त्याचा इंग्रजी अनुवाद होण्यास पन्नासहून अधिक वर्षे लागली. तोवर प्राकृतच्या अभ्यासकाला जर्मन टाळणे अवघडच होते.

आणि आपले वऱ्हाड यात मागे नव्हते. कारंजा येथील ग्रंथभांडारांतील अपभ्रंश हस्तलिखिते डॉ. हिरालाल जैन यांनी उजेडात आणली. ते अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयात, म्हणजे आजच्या शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्थेत, संस्कृतचे प्राध्यापक होते. षट्खंडागम आणि त्यावरील वीरसेनाचार्यांची धवला टीका मूडबिद्रीच्या भांडारात ताडपत्रांवर शतकानुशतके जपली गेली होती. त्या ग्रंथाचा पहिला खंड 1939 साली या अमरावतीतून छापून बाहेर पडला. पुढील सुमारे वीस वर्षांत सोळा खंड पूर्ण झाले. त्या संस्थेवरून मी नोकरीच्या काळात असंख्य वेळा गेलो, पण हे मला ठाऊक नव्हते.

हे सारे मी नातीला सांगितले. माझा आग्रह मात्र मागे घेतला. वाचनाने मला एक गोष्ट लख्ख दाखवली होती. जी भाषा आम्ही मोठ्यांनी कधी उघडून पाहिली नाही, तिचा भार सोळा वर्षांच्या मुलीवर टाकून आम्ही मोकळे होऊ पाहत होतो. तिने जर्मन निवडली. तिला पुढे अभियांत्रिकीला जायचे आहे. तिची आजी चार दिवस नाराज होती.

पालकांना माझी विनंती आहे. विषय कोणताही असो, आधी तो शिकविणारे शिक्षक महाविद्यालयात खरोखर आहेत का, हे पाहा. मूल त्या भाषेचे पुढे काय करणार, हे त्यालाच विचारा. केवळ गुणांसाठी अर्धमागधी घेऊ नका आणि केवळ शेजारच्याने घेतली म्हणून जर्मनही घेऊ नका. मुलाने जर्मन निवडली तर घरातील प्राकृत संपली असे नव्हे, ती जपण्यास घरात इतर माणसे आहेत.

मी आता दर रविवारी सकाळी तासभर प्राकृत व्याकरण घेऊन बसतो. गती मंद आहे, कालचे आज आठवत नाही. दूरध्वनीवर नात जर्मनच्या विभक्ती म्हणून दाखवते, मी प्राकृतच्या. तिच्या चार, माझ्या अधिक, म्हणून मी थोडा फुशारतो. सौभाग्यवतीही आता शेजारी येऊन बसतात.

मागच्या पर्युषणात तिने ‘मिच्छा मि दुक्कडं’ म्हटले आणि लगेच अर्थ विचारला. या वेळी उत्तर तयार होते : ‘मिच्छा’ म्हणजे मिथ्या, ‘मि’ म्हणजे माझे, ‘दुक्कडं’ म्हणजे दुष्कृत. माझे दुष्कृत निष्फळ होवो. न समजता घालवलेल्या साठ वर्षांसाठीही मी मनातल्या मनात तेच म्हटले.