काट्यापर्यंतची वाट

यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीच्या खाणपट्ट्यातून कोळशाचा ट्रक बाहेर पडतो तो दोनदा तोलला जाऊन. आत शिरताना रिकामा ट्रक काट्यावर चढतो. मग तो स्टॉकवर जातो, पेलोडर त्याचा हौदा भरतो आणि गाडी पुन्हा काट्यावर येते. भरल्या वजनातून रिकामं वजन वजा केलं की निव्वळ माल कळतो. तेवढा डीओच्या, म्हणजे डिलिव्हरी ऑर्डरच्या, शिलकीतून कमी होतो, पावती निघते, ताडपत्री बांधली जाते आणि गाडी घुग्घुसच्या नाहीतर वरोऱ्याच्या रस्त्याला, किंवा रेल्वे सायडिंगकडे निघते.

अशाच एका काट्यावर मी सकाळपाळीत बसले होते. खोली लहान. संगणक, प्रिंटर, सरकती काच, आणि काचेवर पुसली तरी तासाभरात परत बसणारी काळी भुकटी. खुर्चीवर एक अप्रेंटिस मुलगी होती. आयटीआयचा ‘कोपा’ ट्रेड, म्हणजे संगणक चालवण्याचा वर्षभराचा अभ्यासक्रम, पुरा करून आलेली. मात्र ती पडद्याकडे कमी आणि बाहेर जास्त बघत होती. एक चाक जरी काट्याच्या पाट्याबाहेर राहिलं तर वजन कमी दिसतं. इंजिन चालू असेल तर आकडा ठरत नाही. आणि सगळ्यात जुनी युक्ती क्लीनरची. रिकामी गाडी तोलताना तो केबिनमध्ये बसून राहतो, भरलेली तोलताना उतरतो. त्याच्या वजनाइतका कोळसा हिशेबाबाहेर निघून जातो. म्हणून ती दोन्ही वेळा काच सरकवून सांगायची, “दादा, दोघंही खाली उतरा.” एखादा ड्रायव्हर कुरकुरायचा, “काहून जी म्याडम, आत्ताच तं उतरलो होतो.” पण उतरायचा.

खाली उतरणारा क्लीनर बहुतेक वेळा तिच्याच वयाचा असायचा. खरं तर काचेच्या दोन्ही बाजूंना शिकाऊच उभे होते. एकाकडे करारपत्र, विद्यावेतन आणि वर्षाअखेरीचं प्रमाणपत्र. दुसऱ्याकडे यातलं काहीच नाही. पण ट्रक चालवायला शिकत होता तो दुसराच.

तिची बाजू कायद्यानं आखलेली आहे. 1961 चा शिकाऊ उमेदवार कायदा आणि 2019 चे सुधारित नियम यांनुसार 30 किंवा अधिक माणसं कामावर असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात. 4 ते 29 माणसं असली तर घेणं ऐच्छिक. महाराष्ट्रात आयटीआयच्या 30 टक्के जागा मुलींसाठी राखीव आहेत. त्यामुळे आयटीआय, ऑनलाइन अर्ज, निवड, काटा अशी एक लेखी वाट मुलीला सापडते. ही वाट काट्यापाशी संपते, कारण अप्रेंटिसशिप झाल्यावर नोकरी दिलीच पाहिजे असं बंधन मालकावर नाही.

क्लीनरची वाट कुठं लिहिलेली नाही. तो आधी टायरवर टॉमी (लोखंडी पहार) मारून आवाजावरून हवा ओळखायला शिकतो. जॅक लावणं, ग्रीसिंग, ताडपत्रीची दोरी आवळणं, गाडी मागं घेताना “येऊ दे, येऊ दे” म्हणत हौद्यावर थापा मारणं हे सगळं अंगवळणी पडतं. रात्री ड्रायव्हरला झोप लागू नये म्हणून तो बोलत राहतो, स्टोव्हवर भात लावतो, केबिनमध्येच झोपतो. मग कधीतरी मोकळ्या रस्त्यावर उस्ताद ड्रायव्हर स्टिअरिंग त्याच्या हातात देतो. मोटार वाहन कायद्यानुसार हलक्या वाहनाचा परवाना वर्षभर जुना झाल्याशिवाय अवजड मालवाहू गाडीचा शिकाऊ परवाना मिळत नाही, आणि वय 20 पूर्ण लागतं. मधला काळ मुलगा क्लीनर म्हणून काढतो. पोट भरतं आणि हातही बसतो. मुलीला हा मधला काळ काढायला जागाच नाही. कोणते आईबाप मुलीला परक्या पुरुषाबरोबर केबिनमध्ये रात्र काढू देतील? वणीतल्या लालपुलियाजवळच्या कोळसा डेपोंपुढे किंवा खाणीच्या फाटकाबाहेर गाड्यांची रांग तासन् तास उभी राहते, तेव्हा पुरुष आडोसा शोधतात. बाईनं काय करायचं, याचा विचार त्या रांगेत कुणी केलेलाच नाही. मालवाहतुकीत मुली कमी का, याचं उत्तर त्यांच्या मनगटातल्या ताकदीत शोधण्यापेक्षा इथं शोधावं.

कोळसा बायकांना नवा नाही. पेलोडर येण्याआधी खाणींतला कितीतरी कोळसा बायकांच्या डोक्यावरच्या टोपल्यांनी वाहिला गेला. 1943 मध्ये युद्धाच्या गरजेपोटी सरकारनं भूमिगत खाणीत बायकांना काम देण्यावरची बंदी उठवली. त्या वेळी व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. फेब्रुवारी 1944 मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात यावर टीका झाली, तेव्हा निर्णयाचं समर्थन करताना त्यांनी खाणीत बाईला पुरुषाइतकीच मजुरी देण्याच्या तत्त्वावर बोट ठेवलं. 1946 मध्ये बंदी परत आली. 1952 च्या खाण कायद्यानं बायकांना जमिनीखाली पूर्ण आणि जमिनीवर रात्री सात ते सकाळी सहा मनाई केली. पुढं टोपलीची जागा यंत्रानं घेतली आणि यंत्रावर पुरुष बसला. कोल इंडियात महिला कामगारानं स्वेच्छानिवृत्ती घेतली तर मुलाला नोकरी, अशीही योजना होती. खाणीत गेलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळणारी नोकरीदेखील बहुतेक घरांत मुलाच्याच नावावर चढते.

2019 च्या अधिसूचनेनं रात्रीच्या मनाईचं बंधन सैल केलं: उघड्या खाणीत लेखी संमती असेल तर बाईला रात्रपाळीची मुभा दिली, मात्र पाळीत किमान तिघी असण्याची अट घातली. अट सुरक्षिततेची आहे, रास्तच आहे. पण जिथं मुलगी एकटीच आहे तिथं त्या अटीचा अर्थ एवढाच निघतो की ती दिवसपाळीतच राहणार आणि रात्रीचं कामकाज तिला कधी दिसणार नाही.

वाट काट्यापुढे नेता येते, हे याच जिल्ह्यानं पाहिलं आहे. 2019 मध्ये एसटी महामंडळानं यवतमाळ जिल्ह्यातल्या आदिवासी तरुणींना चालक म्हणून शिकवायला घेतलं. अवजड वाहनाच्या जुन्या परवान्याची अट महिलांसाठी शिथिल केली, उंचीची अट कमी केली आणि प्रशिक्षण स्वतः दिलं. क्लीनरगिरीत जे शिकायला मिळतं ते संस्थेनं मैदानावर शिकवलं. मध्ये करोना आला, वेळ गेला; तरी 2023 मध्ये एसटीच्या स्टिअरिंगवर बाई बसलेली महाराष्ट्रानं पाहिली. रेल्वेत हे त्याआधीच घडलं होतं. साताऱ्याच्या सुरेखा यादव कराडच्या तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन रेल्वेत आल्या, कल्याणच्या प्रशिक्षण शाळेत शिकल्या आणि त्यांनी चालवलेल्या पहिल्या गाड्यांत वाडीबंदर ते कल्याण ही मालगाडी होती. वंदे भारत फार नंतर, 2023 मध्ये. दोन्ही ठिकाणी उस्तादाच्या मर्जीची जागा शाळेनं घेतली, म्हणून दार उघडलं.

वणीत तर हे जास्त सोपं आहे. नागपूर-मुंबई मार्गावरच्या ट्रकला केबिनमधली रात्र चुकत नाही. खाण ते सायडिंग ही फेरी मात्र काही किलोमीटरची. गाडी दिवसात अनेकदा जाते-येते आणि ड्रायव्हर संध्याकाळी घरी जेवतो. अवजड वाहन शिकण्यासाठी यापेक्षा सोयीचा रस्ता विदर्भात क्वचितच सापडेल. छोट्या ट्रकमालकांकडे दोन-चार गाड्या असतात, 30 माणसांचा नियम त्यांना लागू होत नाही. पण चार माणसांपासून पुढं ऐच्छिक दार उघडं आहे आणि मालकांच्या संघटना आहेत. त्यांनी आयटीआयशी बोलावं, आधी हलक्या परवान्याची सोय करावी, मग दिवसपाळीच्या फेऱ्यांवर मुलींना एकट्यादुकट्या न नेता गटानं शिकवावं. आणि हे सगळं सुरू करण्याआधी रांगेच्या जागी पाणी असलेलं, कडी लागणारं स्वच्छतागृह बांधावं. ते झालं नाही, तर मुली काट्यावर बसून ट्रक मोजत राहतील आणि चालवणारे मात्र तेच राहतील.